वाचकांचे प्रश्न : हिरवळ कापणाऱ्या यंत्राला कोणते पाते लावावे?

हिरवळीची निगा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पात्याविषयीची होती, म्हणून या वेळचे सदर केवळ पात्यासाठी राखून ठेवले आहे. मराठीत गवताचेही पाते आणि यंत्राचेही पातेच असते. घोटाळा टाळण्यासाठी खाली ‘पाते’ म्हणजे यंत्राचे पोलादी पाते समजावे, आणि गवताच्या पात्याला ‘पान’ म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सुमारे सहा गुंठे हिरवळ आहे आणि पेट्रोलवर चालणारे २१ इंची यंत्र तीन वर्षांपासून वापरात आहे. हल्ली कापणी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्या हिरवळीवर पांढुरकी झाक येते. यंत्र विकणाऱ्या दुकानदाराच्या मते मूळ पाते काढून ‘मल्चिंग’चे, म्हणजे कापलेले गवत बारीक करून जिथल्या तिथे टाकणारे, पाते बसवावे. समितीत यावरून दोन तट पडले आहेत. आम्ही काय करावे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : समितीची बैठक आठवडाभर पुढे ढकलावी आणि त्याआधी कापणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी हिरवळीवर उकिडवे बसून गवताची चार-पाच पाने खुडून त्यांची टोके पाहावीत. पाते धारदार असेल, तर पानाचे टोक कात्रीने कापल्यासारखे सरळ दिसते. पाते बोथट असेल, तर टोक चावलेल्या दातणासारखे पिंजलेले असते आणि त्यातून बारीक धागे लोंबत असतात. हेच धागे उन्हाने वाळून पांढरे पडतात आणि उभ्याने पाहणाऱ्याला ती सगळ्या हिरवळीवर आलेली झाक वाटते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमच्या तक्रारीचे कारण पात्याचा प्रकार नसून पात्याची धार असावी, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. बोथट मल्चिंग पाते तर एकच पान अनेकदा कापण्यासाठी घडवलेले असल्यामुळे तेच पान अनेकदा फाडील.

याचे कारण यंत्राच्या कामाच्या रीतीत आहे. फिरत्या पात्याच्या यंत्रात कात्रीप्रमाणे दोन धारा एकमेकींवर येत नाहीत; एकटे पाते गवतावर आदळते आणि केवळ वेगाच्या जोरावर ते कापते. २१ इंच लांबीचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने आदळणारी धार तीक्ष्ण असेल तर पान कापले जाते, नसेल तर तुटते. इंजिनाचा वेग कमी पडला, म्हणजे माळ्याने पेट्रोल वाचवण्यासाठी लिव्हर अर्ध्यावर ठेवली, तरीही परिणाम तोच होतो, हेही तपासून पाहावे.

धार लावून झाकेची तक्रार मिटली, तरी पात्याच्या प्रकाराचा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्याजोगा आहे. फक्त तो दुकानदाराला विचारण्याऐवजी स्वतःला असा विचारावा : कापलेले गवत आम्हाला कुठे जायला हवे आहे? पिशवीत, बाजूला की जिथल्या तिथे? धार तर सर्वच पात्यांना असते. पात्यांचा खरा भेद धारेमागच्या भागात असतो. पाते हातात घेऊन पाहिले तर दोन्ही टोकांना धारेच्या मागची कड वर वळलेली दिसते. तिला आपण पंख म्हणू. पाते फिरताना हा पंख पंख्यासारखा हवा ओढतो, त्यामुळे आडवे पडलेले गवत उभे राहते, कापले जाते आणि हवेबरोबर उडून पुढे जाते. पंख जितका उंच, तितका हवेचा ओढा अधिक. बाजारात ज्याला ‘हाय लिफ्ट’ म्हणतात ते पाते मागच्या पिशवीत गवत ठासून भरते आणि ओलसर गवतही उचलते. मात्र ते फिरवायला इंजिनाला अधिक ताकद लागते आणि धूळही अधिक उडते. ‘लो लिफ्ट’ पाते जवळजवळ सपाट असते आणि ते इंजिनावर व जमिनीवर दोहोंवर हलके पडते, पण त्याच्यामुळे पिशवी नीट भरत नाही. मल्चिंगचे पाते लाटेसारखे वळलेले असते आणि त्याची धार सहसा अधिक लांब असते. ते कापलेले पान बाहेर न टाकता पात्यावरच्या झाकणाखालीच घुमवते, पुन्हा पुन्हा बारीक करते आणि चुरा हिरवळीच्या बुडाशी टाकते. त्यासाठी झाकणाचे बाहेर जाणारे तोंड बुचाने बंद करावे लागते. बूच न लावता नुसते पाते बदलले, तर अर्धवट बारीक झालेले गवत बाहेर पडते आणि दोन्हींतला एकही लाभ होत नाही.

हा चुरा वाया जात नाही. वाळलेल्या गवताच्या वजनात साधारण चार टक्के नत्र असते आणि ते जिथल्या तिथे परत मातीत जाते. चुऱ्यामुळे हिरवळीवर जाड थर साचतो हा समज बरोबर नाही. तो थर मुख्यतः खोडे आणि मुळे यांचा असतो, पाने लवकर कुजतात. पण हे सर्व खरे ठरण्यासाठी दोन अटी आहेत. एका कापणीत गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये आणि गवत कोरडे असावे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये या दोन्ही अटी एकदम मोडतात. चार दिवस झड लागते, माळी येत नाही, पाचव्या दिवशी गवत वीतभर झालेले आणि भिजलेले असते. अशा वेळी मल्चिंगचे पाते झाकणाखाली हिरवा लगदा थापते आणि मागे ओल्या गवताचे गोळे सोडत जाते, ज्यांच्याखालची हिरवळ दोन दिवसांत पिवळी पडते. म्हणून माझा सल्ला असा आहे, की यंत्राच्या कंपनीकडे त्याच मॉडेलसाठी दोन्ही पाती मिळत असतील, तर दोन्ही घ्यावीत : दिवाळीपासून मेअखेरपर्यंत मल्चिंगचे, आणि पावसाळ्यात पिशवीसह उंच पंखाचे. समितीतले दोन्ही तट त्यामुळे वर्षातून काही महिने तरी बरोबर ठरतील.

प्रश्न : पात्याला धार किती दिवसांनी लावावी आणि ती घरी लावता येते का? मी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून लावून घेतली, तेव्हापासून यंत्र हातात थरथरते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दिवसांपेक्षा तास मोजावेत. साधारण वीस ते पंचवीस तासांच्या कापणीनंतर धार पाहावी. जमिनीत खडे असतील किंवा कोरियन गवतासारखे चिवट पानांचे गवत असेल, तर त्याआधीच. घरी धार लावता येते. एक चपटी कानस, घट्ट बसवलेला व्हाइस आणि अर्धा तास पुरतो. त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी (विजेचे यंत्र असेल तर प्लग किंवा बॅटरी), आणि यंत्र आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर येईल असे ठेवावे, नाहीतर तेल फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरते. पाते फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवून मधला बोल्ट पान्याने सोडवावा.

कानस फक्त वरच्या, उतार असलेल्या बाजूने चालवावी. मूळ उतार साधारण ३० अंशांचा असतो आणि तोच राखावा. खालच्या सपाट बाजूला हात लावू नये. वस्तऱ्यासारखी धार काढण्याचा मोह आवरावा, कारण इतकी पातळ कड पहिल्या खड्याला दुमडते. जेवणाच्या टेबलावरील लोणी लावायच्या सुरीइतकी धार येथे योग्य असते. ग्राइंडर वापरायचा असेल तर थोडेसे घासून पाते पाण्यात बुडवत राहावे. शिकाऊ असताना मी एक नवे पाते घाईने ग्राइंडरवर धरून ठेवले आणि त्याच्या कडेला सुंदर निळी छटा आली. उस्तादांनी ते पाहून एवढेच म्हटले, की पात्याचे पाणी उतरवलेस. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले : दोनच कापण्यांत ती कड मऊ पडून गोल झाली.

आता थरथरीविषयी. वेल्डिंगवाल्याने बहुधा एका टोकाचे लोखंड दुसऱ्यापेक्षा अधिक उतरवले आहे. भिंतीत आडवा खिळा ठोकून पाते मधल्या भोकात अडकवावे. जे टोक खाली जाईल ते जड. त्या टोकाकडून थोडे थोडे घासत पाते आडवे स्थिर राहीपर्यंत काम चालू ठेवावे. चार-पाच ग्रॅमचा फरक हातात जाणवत नाही, पण मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तोच फरक इंजिनाचे बेअरिंग खातो. तोल साधूनही थरथर राहिली, तर पाते बसवून हाताने फिरवावे आणि झाकणाच्या कडेवरील एकाच खुणेपाशी दोन्ही टोकांची उंची मोजावी. उंची वेगळी आली तर पाते वाकले आहे. नवे सरळ पाते लावूनही वेगळी आली तर क्रँकशाफ्ट वाकला आहे, आणि ते काम मेकॅनिकचे आहे. वाकलेले पाते ठोकून सरळ करू नये. ते भंगारात द्यावे.

प्रश्न : धार लावून आणलेले पाते बसवले आणि तेव्हापासून यंत्र गवत कापतच नाही, नुसते झोपवते. धार तर चांगली लागली आहे. (एक वाचिका, सातारा)

उत्तर : पाते उलटे बसले आहे. पंख आकाशाकडे, म्हणजे झाकणाच्या दिशेने असायला हवेत. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. काढण्यापूर्वी पात्याच्या खालच्या बाजूला खडूने फुली मारून ठेवावी.

प्रश्न : माझ्या यंत्राचे मूळ पाते आता मिळत नाही. ऑनलाइन ‘सर्व यंत्रांना चालणारे’ पाते स्वस्तात दिसते, सोबत वेगवेगळ्या वॉशर येतात. घ्यावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आधी जुन्या पात्यावर कोरलेला किंवा यंत्राच्या पुस्तिकेत छापलेला भाग क्रमांक शोधावा, कारण मूळ कंपनीने पाते बंद केले असले तरी त्या क्रमांकाचे पाते इतर उत्पादक बनवत असतात. क्रमांक पुसला गेला असेल तर मोजमाप घ्यावे. लांबी एका टोकाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकाच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी मोजतात, सरळ नाही. त्यासोबत मधल्या भोकाचा व्यास, भोकाचा आकार, पात्याची रुंदी व जाडी, आणि पाते सपाट ठेवले असता मध्यभाग टोकांपेक्षा किती वर किंवा खाली आहे, हे सर्व लिहून ठेवावे. भोक गोल असते, ताऱ्यासारखे असते, बो-टायच्या आकाराचेही असते. ताऱ्याच्या आकाराच्या बुडख्यावर (यंत्राच्या ज्या भागावर पाते बसते त्यावर) गोल भोकाचे पाते वॉशर घालून बसवणे मला मान्य नाही, कारण तेथे पात्याला फिरवणारी पकडच उरत नाही. भोक गोलच असेल आणि वॉशर भोकात जराही न हलता बसत असेल, तर असे पाते चालते.

मूळ पात्यापेक्षा लांब पाते मात्र कधीही घेऊ नये. ते झाकणाला घासते एवढेच कारण नाही. लांबी वाढली की टोकाचा वेगही वाढतो. अमेरिकी मानकाप्रमाणे टोकाच्या वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला १९००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेशहाण्णव मीटर आहे आणि बरीचशी यंत्रे आधीच त्या मर्यादेच्या जवळ चालतात.

प्रश्न : आमचे छोटे रिसॉर्ट समुद्राला लागून आहे. दर हंगामात पात्याचे मागचे पंख झिजून कागदासारखे होतात, धार मात्र बरी असते. पाते निकृष्ट मिळते आहे का? (एक वाचक, मोरजी, गोवा)

उत्तर : पाते निकृष्ट नाही, ते तुमच्या जमिनीसाठी चुकीचे आहे. उंच पंखाचे पाते गवताबरोबर वाळूही वर ओढते आणि ती वाळू पंखाच्या आतल्या बाजूवर सतत घासत राहते. वाळूच्या जमिनीसाठी कमी पंखाचे पातेच योग्य. त्यामुळे पिशवी कमी भरेल, पण ते सोसावे. कापलेले गवत बाजूला टाकावे किंवा हाताने गोळा करून घ्यावे.

झिजलेली जुनी पाती अडगळीत ठेवली असतील तर ती बाहेर काढून पंखाच्या मुळाशी, जेथे सपाट भाग वर वळू लागतो तेथे, नीट पाहावे. झीज तेथेच सर्वांत खोल होते. आधी ओहोळासारखी चर पडते, मग तिची फट होते, आणि एखाद्या दिवशी पूर्ण पंख तुटून झाकणाखालून गोळीसारखा निघतो. चर बोटाच्या नखाला लागू लागली की धार कितीही चांगली असो, पाते बाद करावे. पाहुण्यांची मुले हिरवळीवर खेळत असतील तेथे तर या बाबतीत एक दिवसही चालढकल करू नये.

प्रश्न : वडिलांच्या वेळचे, हाताने ढकलायचे, गोल फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र घरी आहे. ते दुरुस्त करावे की विजेचे नवे घ्यावे? सध्या ते गवत चिमटीत धरल्यासारखे दुमडते. (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : हिरवळ लहान असेल आणि आठवड्यातून एकदा यंत्र फिरवण्याची तयारी असेल, तर दुरुस्तच करावे, आणि हे मी जुन्या वस्तूंच्या ओढीने म्हणत नाही. कापणीचा दर्जा पाहायचा तर या यंत्राच्या जवळपासही पेट्रोलच्या किंवा विजेच्या यंत्राचे आडवे फिरणारे पाते येत नाही. इंग्लंडमधील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये पेटंट घेतले ते याच रचनेचे. लोकरी कापडाच्या गिरणीत कापडावरची उठलेली लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. गोल्फच्या मैदानावरील छिद्राभोवतीची हिरवळ तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापली जाते, तीही आजतागायत याच रचनेने.

यात रुळावर बसवलेली तिरकी पाती गवत पुढे ओढून खालच्या स्थिर पट्टीवर आणतात आणि कात्रीप्रमाणे कापतात. म्हणून येथे धार एका पात्याची नसते, ती दोघांच्या भेटीत असते. रूळ आणि पट्टी यांत केसाएवढे अंतर अधिक झाले की गवत मध्ये दुमडते, आणि तुमची तक्रार नेमकी हीच आहे. चाचणी सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी रुळाच्या पात्याखाली धरावी आणि रूळ हाताने, बोटे दूर ठेवून, सावकाश फिरवावा. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्ही ठिकाणी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. कागद दुमडला तर दोन्ही बाजूंचे समायोजनाचे स्क्रू सारखे आणि अगदी थोडे, एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी, आवळावेत. घाईने जास्त आवळले तर धातूवर धातू घासून रूळ जड चालतो आणि दोन्ही धारा लवकर जातात.

एवढ्याने भागले नाही तर वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणावी. ती पात्यांच्या कडांना ब्रशने लावून रूळ उलट्या दिशेने फिरवत राहावा. दोन्ही धारा एकमेकींना घासून आपोआप जुळतात. आवाज आधी खरखरीत येतो आणि जसजशी कड जुळते तसतसा एकसारखा सळसळता होतो. मग पेस्टचा कणही न ठेवता रूळ धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवावा आणि कागदाची चाचणी पुन्हा घ्यावी. पाती कानसीने वेगवेगळी घासू नयेत, कारण मग ती कधीच सारखी राहत नाहीत. वीतभर वाढलेले गवत मात्र या यंत्रापुढे वाकते, कापले जात नाही. चार आठवडे गावाला जाऊन आल्यावर आधी विळ्यानेच काम करावे लागेल.

प्रश्न : इकडे ऑक्टोबरपासून मेपल आणि ओकची पाने पडतात. ती गोळा करून पिशव्या भरण्यात दर शनिवार-रविवार जातो. दातेरी मल्चिंग पात्याने ही पाने हिरवळीवरच बारीक करता येतात, असे शेजारी सांगतात. हिरवळीला अपाय होणार नाही ना? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : शेजारी बरोबर सांगतात. मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर अभ्यास झाला आहे आणि बारीक केलेली पाने हिरवळीला बाधत नाहीत असेच त्यातून दिसले. दातेरी पात्याचा मागचा पंख फण्यासारखा कापलेला असतो, त्यामुळे वर उडालेले पान पुन्हा खाली फेकले जाते आणि पुन्हा धारेखाली येते. तुमच्याकडच्या गवतापेक्षा पानगळीलाच हे पाते अधिक शोभते. पाने कोरडी असताना, दर आठवड्याला, थर जाड होण्याआधी आणि दोन दिशांनी यंत्र फिरवावे. त्यानंतर चुऱ्यातून गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. दिसत नसतील तर त्या खेपेची पाने उचलून खतासाठी टाकावीत. कापणीची उंची तीन इंचांखाली आणू नये. आपल्याकडची हरळी दीड इंचावर खुशाल राहते, तुमचे थंड हवेचे गवत तसे राहत नाही.

तुमच्या यंत्रात एकावर एक अशी दोन पाती असतील (होंडाच्या काही यंत्रांत असतात), तर ती मल्चिंगसाठीच घडवलेली आहेत आणि वेगळे पाते घेण्याची गरज नाही. १९८२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चालत ढकलायच्या यंत्रांत मुठीवरची दांडी सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे असा नियम आहे. नव्या पात्यानंतर ही वेळ घड्याळ लावून एकदा तपासावी. ओल्या पानांचा गोळा झाकणाखाली अडकल्यावर दांडी दोरीने बांधून ठेवण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. गोळा काढताना हात नेमका कुठे जातो ते आठवावे.

प्रश्न : आमची दीडशे कलमांची आंब्याची बाग आहे. पावसानंतर रान कमरेपर्यंत येते. खांद्याच्या ब्रशकटरला तीन दातांचे पाते, ऐंशी दातांचे पाते आणि तंगूस (नायलॉनची दोरी) असे तिन्ही मिळाले आहे. कुठे काय लावावे? बाजारात साखळीचे पातेही आले आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हे यंत्र हिरवळीचे नसले तरी प्रश्न त्याच जातीचा आहे. उभ्या रानासाठी तीन दातांचे पाते लावावे. ते जाड गवत, नेचे, कोवळी रानमोडी हे सर्व घेते, दगडाला लागले तर कानसीने पुन्हा धार लावता येते आणि बऱ्याच पात्यांच्या दातांना दोन्ही बाजूंनी धार असल्याने ते उलटूनही वापरता येते. ऐंशी दातांचे पाते कडक, एकेकट्या काडीसाठी आहे : भाताची कापणी, करंगळीएवढी झुडपे, वाळलेली रानमोडी. ओल्या लांब गवतात त्याचे दात भरतात. शिवाय कातळावर त्याचा काही उपयोग नाही, कारण दातांना बसवलेले कठीण धातूचे तुकडे जांभ्याला लागताच उडतात. गडग्याच्या कडेला, पाण्याच्या पाइपापाशी आणि उघड्या कातळावर तंगूसच चांगला. तो वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. नायलॉन पाणी पितो आणि त्याचा ठिसूळपणा कमी होतो. उन्हात गाडीच्या टपावर पडलेला तंगूस तासाभरात तुटू लागतो, हे तुम्ही पाहिले असेलच.

तंगूस मऊ असल्यामुळे झाडाला लागत नाही, हा समज मात्र अनेक कलमांना भोवला आहे. कोवळ्या कलमाच्या बुंध्याभोवती तो दोनदा फिरला तरी साल पूर्ण वेढ्याने निघते, आणि झाड त्या वेळी काही न दाखवता पुढल्या वर्षी वाळते. म्हणून प्रत्येक आळ्यापुरते गवत कोयतीनेच काढावे आणि यंत्र आळ्याच्या बाहेर थांबवावे.

साखळीचे पाते घेऊ नये. एकमेकांत ओवलेल्या धातूच्या कड्यांची अशी जोडणी युरोपीय महासंघाने २०१२ मध्ये हातात धरायच्या ब्रशकटरसाठी बंद केली, कारण कडी तुटली की ती कोणत्या दिशेने जाईल याचा नेम नसतो आणि यंत्राची ढाल तिला अडवू शकत नाही. एकसंध पाते लावल्यावरही आसपास पंधरा मीटरच्या आत कोणी उभे राहू नये. पाते वरून पाहिले असता घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत असेल, तर यंत्र उजवीकडून डावीकडे फिरवावे आणि कापणी पात्याच्या डाव्या भागाने करावी. पाते म्हणजे घड्याळाची तबकडी आणि बारा तुमच्या समोर असे धरले, तर बारा ते तीन यांच्या मधला जो भाग येतो, तो खोडाला किंवा दगडाला लागला की यंत्र उजवीकडे जोराने उसळते.

पाते बदलताना नट सुटत नाही म्हणून पुष्कळ लोक पान्यावर पाइप चढवून तो आणखी आवळतात आणि शेवटी आटे खराब करतात. बहुतेक ब्रशकटरच्या पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. गिअरच्या भोकात सळई घालून पाते अडवावे आणि नट घड्याळाच्या दिशेने फिरवावा, तो सुटेल.